वगळलेल्याची जागा

खोक्यातून डीव्हीडी काढायची, प्लेअरमध्ये सारायची, टीव्ही उजळायची वाट पाहायची. सिनेमा सुरू होण्याआधीच पडद्यावर प्रश्न येतो: थिएटरमधली आवृत्ती की वाढीव?

थिएटरात हे कुणी विचारत नव्हतं. तिकीट काढलं की डब्यातून आलेली रिळं मुकाट बघायची. घरच्या सोफ्यावर निवड आली, आणि निवडीबरोबर चुकण्याची सोयही.

*

हात आधी वाढीवकडे जातो. त्यामागे विचार नसतो, बाजारातली सवय असते. भाजीवालीनं जुडीवर चार काड्या जास्त ठेवल्या तर नको कोण म्हणतं? झुकतं माप नाकारायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

पण चार काड्यांनी उरलेल्या कोथिंबिरीचा वास बदलत नाही. चार मिनिटांनी उरलेला सिनेमा बदलतो.

*

मराठीत ‘वाढणं’ दोन तऱ्हांचं. मूल वाढतं आणि भात वाढतात. पहिल्यात आतून मोठं होणं आहे, दुसऱ्यात वरून पानात पडणं. वाढीव आवृत्ती यांतल्या कुठल्या अर्थानं वाढली, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

पंगतीत आग्रह करणारे पुष्कळ. जेवणाची चव राहते ती पानावर वेळेत आडव्या धरलेल्या हातामुळे. संकलक म्हणजे सिनेमाच्या पानावर आडवा धरलेला हात.

*

थिएटरातली लांबी ही नुसती कलेची बाब कधीच नव्हती. बारा, तीन, सहा, नऊ: दिवसात चार खेळ बसले पाहिजेत. शेवटचा खेळ सुटल्यावर लोकांना शेवटची बस मिळाली पाहिजे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. सिनेमा अर्ध्या तासानं वाढला की २,७०० फूट फिल्म वाढली, आणि तीही प्रत्येक प्रतीत. कात्रीला घड्याळाचा, बसचा आणि खर्चाचा असा तिहेरी धाक होता.

घरी यांतलं काही नाही. कुकरची शिट्टी झाली तर सिनेमाच थांबतो. घरात लांबीला अटकाव एकच, आपला उबग. आणि तो घड्याळाइतका वक्तशीर नाही.

*

धाकात केलेलं काम अपुरंच असतं असं मात्र नाही. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ तबकडीसाठी गात तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. बैठकीत ज्या रागाला तास पुरत नाही, तो तेवढ्यात उभा करायचा. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या बैठका ऐकलेले कानही गेले. त्या तीन मिनिटांत राग अजून उभा आहे.

तबकडी हा बैठकीचा कापलेला तुकडा नव्हता. ते तीन मिनिटांचं पूर्ण गाणं होतं.

आखूड आणि अपुरं हे शब्द शेजारी राहतात. नातेवाईक नाहीत.

*

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग २००१, २००२ आणि २००३ च्या डिसेंबरांत थिएटरात आले. तिन्हींची बेरीज सव्वानऊ तास. मग पीटर जॅक्सन यांनी घरासाठी एकेक भाग पुन्हा उसवला. बेरीज साडेअकराच्या जवळ गेली. शेवटी सरकत राहणारी चाहत्यांच्या नावांची यादी धरली तर बारा तासांवर. हो, चाहत्यांची नावं. वाढीव आवृत्ती कुणासाठी आहे हे इतक्या सरळपणे सहसा कुणी सांगत नाही.

जॅक्सन यांनी तिला ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हटलं नाही, ‘वाढीव’ म्हटलं. शब्द जपून वापरला. दिग्दर्शकाची आवृत्ती म्हटलं की आधीची कुणा दुसऱ्याची ठरते.

कामात कसूर नाही. हॉवर्ड शोर यांनी वाढीव दृश्यांसाठी संगीत नव्यानं बांधलं. ठिगळ लावलेलं नाही, शिवण उसवून कापड घातलेलं आहे. पहिल्या भागात एलरॉन्डच्या सभेत नऊ जण निघायचं ठरवतात आणि तिथंच चकती संपते. सोफ्यावरून उठायचं, दुसरी घालायची, पुन्हा बसायचं. प्रवासाला निघताना आपणही चार पावलं चालतो. असं नेमकं मध्यंतर थिएटरात क्वचितच मिळतं. तिथं इंग्रजी सिनेमाला मध्यंतर थिएटरवाला देतो, बोलणाऱ्याच्या तोंडातलं वाक्य अर्धं तोडून.

*

आता तिसऱ्या भागातली एक जागा जवळून पाहू.

अ‍ॅरागॉर्न डोंगराच्या पोटात जातो. तिथं शपथ मोडलेल्या मृतांचं सैन्य अडकून पडलं आहे. माझ्यासाठी लढा, शपथेतून मोकळे व्हा, असं तो त्यांना सांगतो. तुमचं काय म्हणणं, असं विचारतो. थिएटरमधल्या आवृत्तीत दृश्य तिथंच तुटतं. उत्तर नाही.

पुढे वेढा पडलेलं शहर, मोडत आलेली फौज. नदीकाठी काळ्या शिडांची जहाजं लागतात. काठावरचे शत्रूचे ऑर्क ती आपल्याच बाजूची समजून उशीर झाल्याबद्दल शिव्या घालतात. कठड्यावरून अ‍ॅरागॉर्नसह फक्त तिघं उड्या मारतात. हजारोंसमोर तिघं. आणि मग त्यांच्या मागून, जहाजाच्या कडेवरून, हिरवट धुकं उतू गेल्यासारखं ते सैन्य बाहेर पडतं.

वाढीव आवृत्तीत मृतांचा राजा आधीच येऊन लढायचं कबूल करतो. जहाजं कशी हाती येतात तेही दिसतं. मग काठावर तिघं उतरतात तेव्हा आपल्याला सगळं ठाऊक असतं. ऑर्कांना तेवढं नसतं.

माहिती वाढली. छातीतला ठोका चुकायचा राहिला.

प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर म्हणजे कथा. उत्तर अलीकडे ओढलं की कथा आखूड होते, सिनेमा लांबला तरी.

*

उलटही आहे. दुसऱ्या भागात फॅरामिर थिएटरात नुसता आडमुठा वाटतो. वाढीव आवृत्तीत ओसगिलिअथ जिंकल्याच्या दिवशीचे फॅरामिर आणि त्याचा थोरला भाऊ दिसतात, आणि थोरल्यावर जीव टाकणारा, धाकट्याला जाता जाता दुखावणारा बाप दिसतो. फॅरामिर तोच आहे. आपण बदलतो.

तेव्हा मी मनाशी एक नियम केला: घटनेचा खुलासा कापावा, माणसाचा ठेवावा.

नियम बरा होता. फार दिवस टिकला नाही. ते पुढे येईल.

*

त्याच तिसऱ्या भागातून सारुमानचं दृश्य थिएटरसाठी पुरतं गेलं. सारुमान करणारे ख्रिस्तोफर ली दुखावले, आणि त्यांनी ते लपवलं नाही. दोन भाग ज्या खलपुरुषाच्या सावलीत गेले, त्याचा शेवट एका वाक्यात उरकला.

संकलनाच्या टेबलाखाली पडलेल्या तुकड्यात कुणाचा तरी अख्खा सिनेमा असतो. प्रेक्षकाला तो दिसत नाही, म्हणून प्रेक्षक कात्रीबद्दल इतकं निवांतपणे लिहू शकतो. मीही.

*

दुसरा नियम केला: किती कापलं हे विचारू नये. कुणी कापलं, आणि कुणाला भिऊन, ते विचारावं.

सर्जिओ लिओने यांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ १९८४ चा, २२९ मिनिटांचा. अमेरिकेत वितरकानं तो १३९ मिनिटांवर आणला. एवढ्यावर न थांबता काळाच्या क्रमानं लावला. एक म्हातारा गुंड आठवणींत मागे-पुढे हेलकावतो, हा तर सिनेमा. त्यांनी स्मृतीची रोजकीर्द केली.

रिडली स्कॉट यांच्या ‘किंगडम ऑफ हेवन’मधून २००५ मध्ये राणी सिबिलाचा लहान मुलगाच नाहीसा झाला. त्याचा कुष्ठरोग गेला, आईनं स्वतःच्या हातानं दिलेलं विष गेलं. थिएटरात राणी सैरभैर फिरत राहते, कशानं ते कळत नाही. सुमारे पन्नास मिनिटं परत आली तेव्हा तिला दुःख परत मिळालं.

त्यांचाच ‘ब्लेड रनर’ १९८२ चा. प्रेक्षकांना कळणार नाही या भीतीनं नायकाच्या आवाजातलं निवेदन आलं, आणि शेवट गोड केला गेला. गोड शेवटातली डोंगर-रानांवरून उडत घेतलेली दृश्यं कुठली? स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मधली, त्यांच्याकडे उरलेली. भयपटाच्या चिंध्यांतून आनंद शिवला. १९९२ मध्ये निवेदन गेलं, तो शेवटही गेला. २००७ मध्ये स्कॉट यांच्या मनासारखी प्रत झाली. पंचवीस वर्षं गेली, आणि लांबी जवळपास तेवढीच राहिली. सिनेमा ‘वाढला’ तो वजा करून.

*

हा नियम ‘शोले’नं मोडला.

१९७५, आणीबाणी. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. सेन्सॉरला ते चाललं नाही, नवा शेवट चित्रित झाला, पोलीस ऐन वेळी आले. हात तोडलेल्या माणसाच्या पायांतही बेड्या पडल्या. कात्री भित्री होती, आणि तिनं नुकसान केलं. २०२५ मध्ये मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या चौकात दाखवली गेली, ते उचितच झालं.

पण त्याच कात्रीनं अहमदला मारण्याचं दृश्यही काढलं होतं. अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर. थिएटरात काय उरलं? गब्बर पहुडला आहे. हातावर मुंगी चढते. तो बघतो, आणि चिरडतो. नंतर घोडा गावात येतो, पाठीवर पोराचं प्रेत घेऊन.

त्या मुंगीहून क्रूर दृश्य हिंदी सिनेमात शोधावं लागेल. ‘शोले’ला त्या वर्षी फिल्मफेअर मिळालं ते एकच, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. हसावं की मान डोलवावी कळत नाही. मला दोन्ही करावंसं वाटतं.

एकाच कात्रीनं एक शेवट बिघडवला आणि एक मृत्यू घडवला. भित्र्या हातूनही कधी कधी नेमक्या जागी कापलं जातं.

*

मग दिग्दर्शकालाच विचारावं? त्याला तरी कुठं ठाऊक असतं! ‘अ‍ॅपोकॅलिप्स नाऊ’ १९७९ मध्ये अडीच तासांच्या आसपास होता. २००१ मध्ये फ्रान्सिस कपोला यांनी ४९ मिनिटं आत घेतली. २०१९ मध्ये त्यातली १९ पुन्हा काढली. पहिल्यांदा नाव नदीतून सरळ काळोखात शिरते. दुसऱ्यांदा ती एका फ्रेंच मळ्यापाशी थांबते, तिथं जेवण होतं, वाद होतो, इतिहास सांगितला जातो. काळोख थोडा वेळ पडवीत वाट बघत बसतो.

चाळीस वर्षांत एका माणसानं एकाच जेवणाला तीनदा ‘पुरे’ म्हटलं, प्रत्येक वेळी वेगळ्या घासावर. दिग्दर्शकाची आवृत्ती म्हणजे त्या वयाच्या दिग्दर्शकाची आवृत्ती. आपलीही आवड तशीच. विशीत मला सगळं हवं होतं. आता एखादी गोष्ट न सांगणारा माणूस भेटला की बरं वाटतं.

*

राहता राहिला ‘सिनेमा पॅराडिसो’. माझा पहिला नियम मोडला तो यानं.

जुझेप्पे तोर्नातोरे यांनी १९८८ मध्ये इटलीत आणला तेव्हा तो अडीच तासांहून लांब होता. चालला नाही. मग दोन तासांवर आला. तो आखूड सिनेमा १९८९ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला, पुढच्या वर्षी ऑस्कर घेऊन आला. २००२ मध्ये पावणेतीन तासांहून मोठी आवृत्ती निघाली.

आखूड आवृत्तीत तरुण साल्वातोरेची एलेना एका दिवशी येत नाही. बस्स, येत नाही. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. थिएटरातला म्हातारा ऑपरेटर आल्फ्रेदो त्याला सांगतो, गाव सोड, परत येऊ नकोस. आपण ते शहाणपण समजतो.

लांब आवृत्तीत पन्नाशीचा साल्वातोरे एलेनाला भेटतो. ती आली होती. आल्फ्रेदोनंच तिला परतवलं होतं. तिनं प्रोजेक्शनच्या खोलीत मागे ठेवलेली चिठ्ठी तीस वर्षं तिथंच होती.

माणसाचा खुलासा झाला, माझ्या नियमाप्रमाणे. आणि आल्फ्रेदो माझ्या हातून गेला. ज्याच्या प्रेमाला हिशेब नव्हता, त्याच्या नावावर आता एक खर्च पडला. ही आवृत्ती खोटी नाही. कदाचित जास्त खरी आहे. पण ती एकदा पाहिली की पहिलीकडे परतायची वाट राहत नाही. एलेना न आल्याची ती पोकळी, जिथं इतकी वर्षं प्रत्येकानं आपापलं कुणी न आलेलं ठेवलं होतं, ती भरली गेली. आपलं सामान बाहेर काढावं लागलं.

घरी बसून निवडणाऱ्याला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे: जास्तीचं नंतर बघता येतं, बघितलेलं वजा करता येत नाही. लांब की आखूड हा प्रश्न दुय्यम. आधी कोणतं, हा खरा. आधी पोकळी असलेलं पाहावं. ती पोकळी खरी की कुणी भीतीनं पाडलेलं भोक, हे तिच्यापाशी थोडा वेळ बसल्यावर कळतं. भोकातून वारा येतो. पोकळीत आवाज घुमतो.

*

आणि नियम सगळे मोडल्यावरही त्याच सिनेमात एक माणूस उरतो, ज्यानं हा प्रश्न माझ्याआधी सोडवला होता.

सिसिलीतलं गाव. नवा सिनेमा आला की पाद्रीबाबा आधी एकटे बघतात, हातात घंटा. पडद्यावर ओठ ओठांजवळ आले की घंटा वाजते. वर खोलीत आल्फ्रेदो फिरत्या रिळात कागदाची पट्टी खोचतो: इथं कापायचं. तुकडे साठत जातात. लहानगा साल्वातोरे ते मागतो. प्रत परत पाठवताना हे पुन्हा जोडायचे असतात, असं आल्फ्रेदो सांगतो. पण कधी कधी जागा सापडत नाही. म्हणून ते इथंच राहतात.

जागा सापडत नाही. वाढीव आवृत्त्यांबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

सिनेमाच्या शेवटी आल्फ्रेदो गेलेला आहे. त्यानं ठेवलेला एक गोल डबा साल्वातोरे रोमला घेऊन येतो, आणि रिकाम्या प्रेक्षागृहात एकटा बसून रीळ लावायला सांगतो. पडद्यावर एक चुंबन, मग दुसरं, मग तिसरं. कथा नाही, नावं नाहीत, कोण कुणाचं ते ठाऊक नाही. कापलेलं तेवढंच.

आल्फ्रेदोकडे कात्री होती, जोडायचं सामान होतं, डोळे जाईपर्यंत वेळही होता. त्यानं ते तुकडे ज्याच्या त्याच्या सिनेमात परत घुसवले नाहीत. फेकलेही नाहीत. वेगळं रीळ केलं, आणि ज्यानं मागितलं होतं त्याला, तो बघण्याजोगा होईपर्यंत थांबून, दिलं.

आपापल्या सिनेमात ज्यांना जागा सापडली नाही, त्यांना एकमेकांशेजारी सापडली.

*

माझ्या खोक्यातही शेवटी एक जादा चकती आहे. सिनेमा संपल्यावर त्याच रात्री मी ती लावत नाही. कधी आठवड्यानं लावतो, कधी वर्षानं, घरातले झोपल्यावर, सुटी सुटी दृश्यं बघत.

तोवर पडद्यावरचा प्रश्न आला की थिएटरमधली आवृत्ती निवडतो, आणि पानावर आडवा हात धरतो.